डाव्या गालावरची रोवणी

बाबा, तेरवीला तुमच्या आवडीचं काय करायचं असं मी आईला विचारलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "झिंगे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन ते तं त्यायनं सोडले होते." सुपातले दोन-चार खडे वेचून झाल्यावर तिने वाक्य पुरं केलं, "तुह्यासाठी."

शेवटी वांग्याची भाजी आणि बुंदी झाली. सगळ्यांच्या तेरवीला होते तशीच.

तुम्ही कसे गेलात ते मी इथे लिहिणार नाही. येणाऱ्या प्रत्येकाला आई ते सांगते, आणि माझ्यापेक्षा नीट सांगते. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धं राहिलं. अर्धं का राहिलं, ते मला परवा कळलं, म्हणून लिहायला बसले.

मी सात वर्षांची होते. आई भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती आणि घरी स्वयंपाक तुमच्याकडे होता. तलावाचं पाणी सुटलं होतं. धानाच्या बांधीच्या तोंडाशी तुम्ही बांबूचा सापळा लावला होता आणि पहाटे त्यात झिंगे सापडले होते. गावात झिंगे निवडावे तर तुम्हीच, असं लोक म्हणायचे. तुम्ही रस्सा केला, मी दोन वाट्या प्याले. झोपताना आई पाहिजे म्हणून मी रडले, तर तुम्ही मला कपभर दूध दिलं. एवढंच झालं. त्यात अन्न होतं आणि माया होती.

दिवाळीच्या आसपास माझ्या डाव्या जबड्यावर हरभऱ्याएवढा पांढरा डाग आला. आजीला कारण शोधायला एक मिनिटही लागलं नाही. "मासोळीवर दूध पाजलं पोरीले! बायको घरी नसली का मानूस असाच करते." गावालाही तेच पटलं. डाग जबड्यावरून मानेवर उतरला, कानामागे गेला, आणि डाव्या भुवईचं बाहेरचं टोक पांढरं झालं. उजवी बाजू मात्र आरशासारखी स्वच्छ. आजीने त्याचाही उलगडा केला: त्या रात्री पोरगी डाव्या कुशीवर निजली असणार, दूध तिकडे जमा झालं.

तुम्ही आजीला उलटून काही बोलला नाहीत. माणूस गप्प राहिला की लोक त्याला कबुली समजतात. पुढे तुम्हीही तसंच समजायला लागलात.

पुढचा पावसाळा लागला. कुष्ठरोग शोधणाऱ्या सरकारी बाई गावात आल्या तेव्हा आजी म्हणाली, पोरीला धान्याच्या ढोलीमागे बसवा, नाव लागलं तर लग्न व्हायचं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. त्या बाईंना तुम्ही स्वतः हाक मारून आणलंत आणि मला अंगणातल्या खाटेवर बसवलंत. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात डागावरून फिरवली. "इथं कळलं? इथं?" मला सगळीकडे कळत होतं, गुदगुल्याही होत होत्या. त्या म्हणाल्या, "हा कुष्ठरोग नाही. हे साधे पांढरे डाग आहेत, कोणाला लागत नाहीत. पण भंडाऱ्याला चामडीच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर."

तो 'लवकर' मला अजून ऐकू येतो. तेव्हा तो तुम्हालाही ऐकू आला होता. पण धानाची रोपं लावायची रोवणी अंगावर आली होती, बांधीत पाणी होतं, बाया ठरल्या होत्या. हे उरकलं की जाऊ, असं ठरलं. मधल्या काळात सानगडीच्या बाजारात बसणाऱ्या एका वैदूने बावचीचं काळं तेल दिलं. तेल लावा आणि पोरीला उन्हात बसवा, म्हणाला. पाऊस उघडला आणि ऊन तापलं तसं तुम्ही मला बसवलंत. दुसऱ्या दिवशी मानेवर फोड आले, पाण्याने टम्म भरलेले. मी ओरडत होते आणि तुम्ही ती बाटली घेऊन तलावाच्या पाळीवर गेलात. बाटली पाण्यात फेकली. पाळीवरच्या देवीसमोर उभे राहिलात आणि म्हणालात की पोरीचं हे थांबलं, तर मी आयुष्यभर मासोळी खाणार नाही. नवस फळल्यावर फेडतात. तुम्ही त्याच संध्याकाळपासून फेडायला सुरुवात केलीत.

आणि डाग थांबला. होळीपर्यंत तो एका धाग्यानेही वाढला नव्हता. मानेच्या मधोमध जिथे पोचला होता तिथे जणू बांध घातल्यासारखा अडला. उजवीकडे कधी गेलाच नाही.

मग भंडाऱ्याला जायचं कशाला?

तुमचा सापळा आढ्याला टांगला गेला. गावात ज्याला पाहिजे तो घेऊन जायचा आणि रीत म्हणून चार मुठी झिंगे आपल्या घरी ठेवायचा. आई रांधायची. आम्ही जेवायला बसलो की तुम्ही अंगणात जाऊन सुंभाची दोरी वळत बसायचात. घरात वास घमघमत असायचा आणि बाहेरून तुमचा आवाज यायचा, "मीठ बरोबर हाय ना व?" मी मोठी झाले ती या चित्रासकट. मला वाटायचं, सगळ्यांचे बाप माशाच्या दिवशी दोरी वळतात.

आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगत राहीन. साकोलीला बस धरून जायचे, संध्याकाळी परत. मला डाव्या बाजूची खिडकी आवडायची, कारण गाल बाहेरच्या बाजूला राहायचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी माझ्याच गालाचा अभ्यास केला. ग्रंथालयात जे मिळालं ते वाचलं. जे कळलं नाही ते सुट्टीत नागपूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन, चामडीच्या डॉक्टरांसमोर रांगेत बसून विचारलं.

कळलं ते असं. पांढरे डाग एकाच प्रकारचे नसतात. एक प्रकार दोन्ही अंगांना येतो, वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतो. दुसरा माझा: एकाच बाजूचा. तो बहुतेक लहानपणीच येतो, शरीराच्या मधल्या रेघेपर्यंत जातो आणि तिथे अडतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्या पट्ट्यातून नाहीशा होतात. नेमक्या का, ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. पण मासे आणि दूध यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, डाव्या कुशीचाही नाही. आणि त्याची चाल ठरलेली: सुरुवातीला काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष, झपाट्याने पसरतो आणि मग बहुतेकांच्या बाबतीत आपोआप थांबतो. कोणी नवस करो, कोणी न करो.

मला वाटलं, मी तुमच्या पायातली बेडी तोडायला निघाले आहे. खरं म्हणजे मला पास झालेलं दाखवायचं होतं.

चुलत बहिणीचं लग्न लाखनीला होतं. दुसऱ्या दिवशीच्या जेवणात रोहू होता. पंगतीत तुम्ही कोपऱ्यात वरण-भात घेऊन बसलात. मी वाढपी होते. मी तुमच्या ताटात रोहूचा तुकडा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, खा आता. मी पुस्तकात वाचलं आहे. तुमच्या सोडण्याने काही झालं नव्हतं. ते आपोआपच थांबत असते."

कोणीतरी हसून बोललं, "मास्तरीन झाली ना पोरगी. बापाले शिकवून राहिली." तुम्ही ताटाला हात जोडलेत आणि उठलात. भरल्या ताटावरून उठलेला माझा बाप मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

परत येताना मोटरसायकलवर मी मागे बसून तुमच्या पाठीशी बोलत राहिले. ट्रक आला की थांबायचे, गेला की पुन्हा सुरू. "काहून ऐकत नाही तुमी? तुमचा दोष नव्हता, हेच तं सांगून राहिली मी." एका बंद दुकानापुढे तुम्ही गाडी उभी केलीत. उतरला नाहीत. हँडल धरूनच म्हणालात:

"तू म्हनते, मी खाऊ घातलं म्हनून झालं नाही."

"हो."

"बरं. मंग मी सोडलं म्हनून थांबलं, हेबी नाही."

"नाही."

"मंग मी काय केलं तुह्यासाठी?"

मी तुमचा दोष काढून घ्यायला निघाले होते, तुमची कमाईही त्याच्यासोबत निघून आली. दोन्ही एकाच खुंटीला बांधलेली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. एवढं शिकून दिसलं नव्हतं. तुम्ही गाडी सुरू केलीत.

त्या ताटाबद्दल मी कधी माफी मागितली नाही. आता मागते. पंगतीत बोलले, म्हणून सगळ्यांना वाचता येईल अशीच मागते.

पण बाबा, वाचलेल्यापैकी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. डाग पसरत असतो तेव्हाचे महिने हेच औषधाचे महिने. मलम आणि दवाखान्यातल्या दिव्याचा शेक तेव्हा दिला तर रंग परतायची आशा चांगली असते. पट्ट्यातले केस पांढरे झाले की ती आशा फार कमी होते, कारण नव्या रंगाच्या पेशी केसांच्या मुळांतूनच वर येतात. 'लवकर' म्हणणाऱ्या बाईंना हेच सांगायचं होतं. आपण गेलो नाही, कारण डाग थांबला होता. आणि डाग थांबला म्हणजे नवसाने काम केलं, असं तुम्हाला वाटलं. म्हणजे तुमच्या नवसाने मला बरं केलं नाही, एवढंच नव्हतं. त्याने माझी वेळ घालवली होती.

हे मी मनात गाडून टाकलं. भांडणात कितीदा जिभेवर आलं, गिळलं. माझ्या हुशारीने तुमच्यावर केलेला हा एकच उपकार, असं मी समजत होते.

लाखनीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, हातात पगार आला, तेव्हा मी शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं. आई घाबरली. तुम्ही एवढंच विचारलंत, "कोनत्या दिवशी जाचं?" मोसम धानाचा होता, तरी तुम्ही आलात.

नागपूरच्या त्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी अंधाऱ्या खोलीत जांभळट दिव्याखाली माझा गाल पाहिला. डागाच्या कडा दुधासारख्या चमकल्या. मग बाहेर येऊन तुम्हाला समजावून सांगायला लागल्या: मांडीच्या कातडीचे बारीक गोल तुकडे काढायचे, पांढऱ्या पट्ट्यात बारीक खळगे करून ते बसवायचे, प्रत्येक तुकड्यातून रंग चारी बाजूंना पसरतो.

तुम्ही मान डोलावलीत. "म्हंजे रोवनी."

"काय?"

"पऱ्हे मांडीवर वाढले. उपटून बांधीत लावाचे. दोन रोपांत अंतर किती ठेवता?"

डॉक्टर हसल्या, पण उत्तर नीट दिलं. "पाच-सहा मिलीमीटर."

"दाट नाही होत?"

"दाट लावले तर कातडी उंचसखल होते, काका."

"बरोबर हाये. अन् पानी चालू असताना रोवत नाही ना तुमी? वाहून जाते."

त्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझे बाबा म्हणतात तेच. डाग पसरत असताना हे करून चालत नाही, लावलेलं टिकत नाही. निदान वर्षभर तरी तो थांबलेला पाहिजे. एका बाजूच्या डागाचं तेवढं एक बरं असतं, तो एकदा थांबला की बहुधा थांबलेलाच राहतो. म्हणून हे त्यात चांगलं यशस्वी होतं."

मला फोटो काढायला आतल्या खोलीत नेलं. परत आले तर तुम्ही खुर्ची पुढे ओढून त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतात. मला पाहून थांबलात. काय बोलत होता विचारलं, तर म्हणालात, "काही नाही. पानी-पावसाचं." मला खरं वाटलं. तुम्ही कोणाशीही पाण्या-पावसाचं बोलू शकत होतात.

त्यानंतरचं वर्ष मी जपून ठेवलं आहे. पट्टी निघाल्यावर गाल इतका विचित्र दिसायचा की मी ओढणी काढायचे नाही. पांढऱ्यावर भुरके ठिपके, ओळीत. भंडाऱ्याला दिव्याचा शेक घ्यायला जायचे. दर रविवारी सकाळी तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवायचात आणि बांध पाहणाऱ्या माणसासारखे एकेक ठिपका पाहायचात. "हे धरलं. हेबी धरलं. याले टाइम लागन." एक ठिपका गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, दोन्हीकडचे भरून काढतीन." आणि काढलं त्यांनी. सावकाश, महिन्यामहिन्याने, ठिपक्याला ठिपका मिळत गेला. कानामागे थोडी तूट राहिली. भुवईचं टोक पांढरंच आहे, ते मी रंगवत नाही.

गाल भरला, तरी तुम्ही मासे खाल्ले नाहीत. मी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटायचं, तुम्हाला अजूनही तेच वाटतं: पाप तुमचं आणि नवस तुमचा. शेवटपर्यंत मी तुम्हाला एवढंही पटवू शकले नाही, ही सल घेऊन मी तेरवीच्या दिवशी वाढत होते.

परवा शेजारच्या मनीषावहिनी आल्या, कडेवर त्यांची पाच वर्षांची पिहू. आईजवळ बसून रडून झालं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकाजी नसते तं या पोरीचं काही खरं नव्हतं बाप्पा."

"काहून? काय झालं होतं?"

"तुमाले सांगतलं नाही त्यायनं?" त्यांनी पिहूच्या कपाळावरचे केस मागे केले. उजव्या बाजूला, केसांच्या कडेला, पांढरा पट्टा होता. "हिवाळ्यात आला. पंधरा दिवसांत एवढा झाला. माही सासू म्हने, घरात मासोळी बंद करा, तुमी दोघं उपास धरा. काकाजी बाजूच्या वाडीतून आयकून राहिले होते. तसेच आत आले. म्हनाले, 'सोडासाडी मंग कर पोरी. आधी उद्याची गाडी पकड. हे एका बाजूचं हाय. याले पहिल्या महिन्यातच औषध लागते. मी सोडून बसलो, अन् माह्या पोरीचा टाइम गेला.'"

मी विचारलं:

"त्यायले कोणी सांगितलं हे?"

"नागपूरच्या डॉक्टरीनबाईले इचारलं म्हने. तुमी फोटो काढाले गेल्या होत्या तवा. 'मी येळेवर आनली असती तं हे कापाकापी लागली असती का,' असं इचारलं. तिनं खरं सांगतलं."

"आणि मला काहून नाही सांगितलं?"

मनीषावहिनी जरा हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "मी म्हनलं, काकाजी, वैशूताई तं शिकलेल्या हायेत, त्यायलेच इचारतो. तं म्हनाले, 'तिले काही बोलू नको. तिले वाटते मले मालूम नाही. लय वर्सांपासून जपून राहिली ते. जपू दे.'"

बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या खुर्चीत बसून तुम्ही ते ऐकलंत, 'पानी-पावसाचं' म्हणालात, आणि मग वर्षभर दर रविवारी माझी हनुवटी उजेडाकडे वळवून ठिपके पाहिलेत. मी तुमच्यापासून जे लपवत होते, ते तुम्ही माझ्यापासून लपवत होतात. मी समजत होते की उपकार मी केला.

आणि त्या बंद दुकानापुढे विचारलेला प्रश्न तुम्ही माझ्या उत्तराची वाट पाहत तसाच ठेवला नव्हता. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवलं होतं. कुणाच्या अंगणातून चुकीची गोष्ट ऐकू आली, तर कुंपण ओलांडून जायचं आणि गावाने जन्मभर तुमच्या माथी मारलेली चूक आणि तुम्ही स्वतः केलेली चूक, दोन्ही वेगवेगळ्या करून सांगायच्या. मासे ही चूक नव्हती. उशीर ही चूक होती. मी एवढी पुस्तकं वाचून पंगतीत त्यातली एकच सांगितली आणि तीही चुकीच्या जागी.

मी पिहूची हनुवटी धरली आणि तिला दाराकडे वळवलं, तुम्ही मला वळवायचात तसं. तिने तोंड वेडंवाकडं केलं. पट्ट्यातले केस अजून काळे आहेत. मलम आणि शेक चार महिने चालू आहे. नीट पाहिलं तर केसांच्या मुळांशी टाचणीच्या डोक्याएवढे भुरके ठिपके आले आहेत. कडेला एक, मग आत दोन, मग तीन जवळजवळ.

"काय दिसून राहिलं?" मनीषावहिनींनी विचारलं.

"धरलं," मी म्हणाले.

उद्या सानगडीचा बाजार आहे. आईला झिंगे आणायला सांगितले आहेत, पिहूलाही जेवायला बोलावलं आहे. तुमच्या फोटोपुढे वाटी ठेवणार नाही. आधी मला वाटलं होतं ठेवावी, मग कळलं की तेही पुन्हा तुमच्या ताटात रोहू टाकण्यासारखंच होईल. तुमचा शब्द तुमचा आहे. खरं काय ते कळल्यावरही तुम्ही तो पाळलात, म्हणजे तो आता नवस राहिला नव्हता, तुमचा स्वभाव झाला होता. आम्ही जेवू. तुम्ही अंगणात दोरी वळत बसा. मीठ बरोबर आहे का ते मी आतून सांगते.